सर्वांत कमी दराची किंमत

मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीमागे मी अकरा वर्षं उभी होते. त्या काळात मी किती गोळ्या मोजून दिल्या याचा हिशोब साठा नोंदवहीत आहे. 'बाहेरून आणा' असं किती जणांना सांगितलं, याचा हिशोब मात्र कुठेच नाही. केसपेपरवर डॉक्टरांनी चार औषधं लिहिलेली असायची. त्यातली दोन माझ्याकडे असत, उरलेल्या दोनांची एक चिठ्ठी मी खिडकीतून सरकवत असे. एकदा रक्तदाबाची गोळी सलग तिसऱ्या महिन्यात मिळाली नाही, तेव्हा एक म्हातारबाबा चिठ्ठी हातात धरून म्हणाले, "बाई, गोळी दुकानातूनच घ्यायची हाय तर मग ही खिडकी कशापायी उघडी ठिवलीय?"

मला उत्तर देता आलं नाही. ती गोळी दुर्मीळ नव्हती, महाग तर अजिबात नव्हती. समोरच्या मेडिकलमध्ये तिच्या पाच कंपन्यांच्या पट्ट्या मिळत होत्या. आमच्याकडे नसण्याचं कारण कागदावर एका ओळीचं होतं: 'निविदा प्रक्रिया सुरू आहे.' पुढे नोकरी सोडून अर्थशास्त्राकडे वळले तेव्हा त्या एका ओळीमागे काय काय असतं ते शोधत गेले. हा लेख त्या शोधातून आला आहे. सरकार औषधं घाऊक विकत घेतं तेव्हा औषध उद्योगाचं काय होतं, आणि त्यातून खिडकीपर्यंत काय पोचतं, हा माझा प्रश्न आहे.

आधी एका शब्दाची फोड करायला हवी. आपल्याकडे कारखान्यांच्या भाषेत 'बल्क ड्रग' म्हणजे औषधाचं मूळ रासायनिक द्रव्य, ज्यापासून गोळी बनते ते. मी इथे बोलते आहे ते तयार औषधांच्या घाऊक सरकारी खरेदीबद्दल. पण लेखाच्या ओघात त्या दुसऱ्या अर्थालाही भेटावं लागणार आहे.

एकच मोठं गिऱ्हाईक

औषधांचा बाजार इतर बाजारांसारखा नाही हे आता सर्वांना माहीत आहे. वस्तू निवडतो डॉक्टर, पैसे देतो रुग्ण, आणि नफ्याचं गणित दुकानदार नि कंपनी यांच्यात ठरतं. भाजी घेताना आपण घासाघीस करतो. औषधाच्या दुकानात ते कुणालाच जमत नाही. कंपन्या अनेक असूनही किमतीची स्पर्धा होत नाही, ब्रँडची होते. अशा बाजारात एकच मोठं गिऱ्हाईक आलं, त्यानं औषध त्याच्या मूळ नावानं मागितलं, आणि मला वर्षाला इतक्या कोटी गोळ्या हव्यात असं जाहीर केलं, तर चित्र पालटतं. ब्रँड निरुपयोगी होतो. वैद्यकीय प्रतिनिधी, भेटवस्तू, दुकानदाराचं मार्जिन हा सगळा खर्च गळून पडतो. उरतो तो फक्त गोळी बनवण्याचा खर्च आणि बेताचा नफा.

भारतात हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं ते तामिळनाडूनं. तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४मध्ये स्थापन झालं आणि जानेवारी १९९५पासून कामाला लागलं. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. एक, आवश्यक औषधांची मर्यादित यादी. दोन, निविदा फक्त उत्पादकांसाठी, मधल्या व्यापाऱ्यांसाठी नाही. त्यातही आधी कारखान्याची पात्रता तपासायची आणि मगच दराचं पाकीट उघडायचं. तीन, प्रत्येक खेपेचे नमुने उत्पादकाचं नाव झाकून, सांकेतिक क्रमांक देऊन, बाहेरच्या प्रयोगशाळांत पाठवायचे. चार, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक द्यायचं. त्यात त्याच्या वाट्याची रक्कम असते आणि गरजेप्रमाणे ते गोदामातून औषध उचलतं. पाच, पट्टीवर सरकारी खूण छापायची, म्हणजे माल बाहेर विकला तर पकडला जाईल. राजस्थाननं २०११मध्ये हीच पद्धत आपलीशी केली आणि त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला मोफत औषध योजना सुरू केली.

या खरेदीनं एक गोष्ट उघडी पाडली. महामंडळाला मिळालेले दर आणि दुकानातले छापील दर शेजारी ठेवले तेव्हा काही औषधांत दहा पटींहून जास्त फरक दिसला. कंपनी तोट्यात विकत नव्हती, पुढच्या वर्षी तीच कंपनी पुन्हा निविदा भरत होती. म्हणजे दुकानातल्या किमतीचा मोठा भाग औषधाचा नव्हताच. घाऊक सरकारी खरेदीचा पहिला आर्थिक परिणाम माझ्या मते बचत हा नसून माहिती हा आहे. अशा खरेदीमुळे गोळीची खरी किंमत समाजाला कळते.

ही माहिती आपण वापरली का? नाही. १९९५च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत उत्पादन खर्चावरून ठरत असे. २०१३च्या आदेशानं ती पद्धत सोडली. आता बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यावर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के धरायचे, अशी पद्धत आहे. ज्या किमती फुगलेल्या आहेत त्यांचीच सरासरी काढून तिला मर्यादा म्हणायचं, असा हा प्रकार. त्याच गोळीचा निविदेतला दर सरकारच्याच दुसऱ्या कपाटात पडलेला असतो. एक खातं विकत घेतं, दुसरं खातं किंमत ठरवतं, आणि दोघांची गाठ पडत नाही.

एका दारी स्वस्त, दुसऱ्या दारी महाग

तामिळनाडूच्या यशावरून कुणी असा नियम काढेल की सरकारनं जास्तीत जास्त सवलत मागावी, म्हणजे सगळ्यांचं भलं होईल. अमेरिकेचा अनुभव इथे सावध करतो.

१९९०मध्ये अमेरिकी काँग्रेसनं गरिबांच्या 'मेडिकेड' योजनेसाठी एक नियम केला. कंपनी कोणत्याही खासगी गिऱ्हाइकाला जी सर्वांत कमी किंमत देते, तिचा लाभ मेडिकेडलाही द्यायचा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण कंपनीच्या जागी बसून पाहिलं की गणित कळतं. एखाद्या रुग्णालय समूहाला मोठी सवलत दिली तर तीच सवलत देशभरच्या मेडिकेडला द्यावी लागणार. मग ती रुग्णालयालाच कशाला द्यायची? काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयानं १९९६मध्ये पाहणी केली. कंपन्या देत असलेली सर्वांत मोठी सवलत १९९१मध्ये सरासरी ३६ टक्क्यांवर होती, ती १९९४पर्यंत १९ टक्क्यांवर आली होती.

मार्क डगन आणि फिओना स्कॉट मॉर्टन या अर्थशास्त्रज्ञांनी २००६मध्ये याच्या पुढचं दाखवलं. मेडिकेड किती पैसे देणार हे खासगी बाजारातल्या सरासरी किमतीला बांधलेलं होतं. त्यामुळे ज्या औषधाच्या विक्रीत मेडिकेडचा वाटा मोठा, त्याची खासगी बाजारातली किंमत चढी ठेवण्यातच कंपनीचा फायदा होता. त्यांच्या हिशोबानं मेडिकेडचा वाटा दहा टक्के-बिंदूंनी वाढला की औषधाची सरासरी किंमत सात ते दहा टक्के वाढत होती. सरकारी सवलतीचा भार विमा नसलेल्या, रोख पैसे देणाऱ्या माणसावर पडत होता.

इथून मिळणारा धडा बारकाईनं घ्यायला हवा. सरकारी खरेदी वाईट, असं तो सांगत नाही. सरकारी दर खुल्या स्पर्धेतून आला तर किंमत उतरते, तो बाजारातल्या दुसऱ्या किमतीला बांधला तर कंपनी ती दुसरी किंमत चढवते, एवढंच तो सांगतो. तामिळनाडूनं पहिला मार्ग धरला, मेडिकेडनं दुसरा.

गिऱ्हाईक एक असण्याचं मोल आपल्याला २०२१च्या उन्हाळ्यात फार जवळून कळलं. कोविडची लस तोवर केंद्र सरकार घेत होतं, दर होता मात्रेला १५० रुपये. एप्रिलमध्ये धोरण बदललं. राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी आपापली लस घ्यावी असं ठरलं. पुण्यात बनणारी तीच कोविशील्ड राज्यांना ४०० आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपयांना जाहीर झाली. ओरड झाल्यावर राज्यांचा दर ३०० वर आला. मुंबई महापालिकेनं एक कोटी मात्रांसाठी जागतिक निविदा काढली, शेवटी एकही निविदा पात्र ठरली नाही. परदेशी कंपन्यांनी राज्यांना सांगितलं की आम्ही फक्त केंद्राशी बोलू. २१ जूनपासून खरेदीचा मोठा भाग पुन्हा केंद्राकडे गेला. तुटवडा होता हे खरं, पण तुटवड्याच्या काळात गिऱ्हाइकांनी आपापसांत स्पर्धा लावली तर विक्रेत्याला हात हलवायचंही काम उरत नाही.

उधारीचा कारखाना

आतापर्यंत मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलले. आता कारखान्यात जाऊ. काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या औषध कारखान्याच्या मालकांशी मी दोन दिवस बोलले. साठ-सत्तर कामगार, दोन गोळ्यांची यंत्रं, एक कॅप्सूलची ओळ. त्यांचा निम्म्याहून जास्त माल सरकारी निविदांत जात असे. मी नफ्याबद्दल विचारलं तेव्हा ते हसले. "मॅडम, आम्ही गोळ्या विकत नाही, आम्ही उधारी विकतो. गोळी सोबत फुकट देतो."

त्यांचं म्हणणं आकड्यांत मांडून पाहू. समजा, एका कारखान्यानं एक कोटीचा माल पुरवला. नफा आठ टक्के, म्हणजे आठ लाख. बिल नऊ महिने अडकलं आणि बँकेचं व्याज वर्षाला चौदा टक्के असेल तर व्याजाचेच साडेदहा लाख होतात. नफा गेलाच, वर अडीच लाखांचा खड्डा पडला. याशिवाय बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव, उशीर झाला तर दंड हे सगळं आहेच. सरकारला उशीर झाला तर सहसा दंड भरावा लागत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६च्या कायद्यानं ४५ दिवसांची मर्यादा आणि त्यापुढे बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज सांगितलं आहे. मी त्या मालकांना विचारलं, मग दावा का लावत नाही? ते म्हणाले, "पुढची निविदा भरायची आहे ना."

अशा उधारीनं तीन गोष्टी होतात, आणि तिन्ही उद्योगाचा चेहरा बदलतात. पहिली, शहाणा उत्पादक पुढच्या वर्षी व्याज धरूनच दर भरतो. म्हणजे सरकार बिल थकवून पैसा वाचवत नाही, महाग कर्ज काढतं, फक्त ते कर्ज अर्थसंकल्पात दिसत नाही. दुसरी, ज्याला दर वाढवता येत नाही तो कुठेतरी काटकसर करतो. कधी कच्च्या मालात, कधी तपासणीत. तिसरी, जो काटकसर करायला तयार नाही तो निविदा भरणंच सोडतो. हळूहळू निविदेच्या दारात एक तर खूप मोठे उरतात, ज्यांना उधारी झेपते, किंवा मग ज्यांना गमावण्यासारखं काही नाही असे उरतात. मधला प्रामाणिक छोटा कारखाना गळून पडतो.

तामिळनाडूच्या यशाचं विश्लेषण करताना बहुतेक जण निविदेच्या कडक अटींवर बोट ठेवतात. मला वाटतं, त्याची अर्धी किल्ली तपासणी झाल्यावर पैसे मिळतील या खात्रीत होती. दर कमी येतो तो गिऱ्हाईक कडक आहे म्हणून नव्हे, त्याच्यावर विश्वास ठेवता येतो म्हणून. वाण्याकडे रोखीनं घेणाऱ्याला आणि खातं थकवणाऱ्याला एकच भाव मिळत नाही, हे आपल्या आजीलाही माहीत होतं.

लहान उद्योगांना आधार म्हणून केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणात त्यांच्यासाठी राखीव वाटा आहे. तो आधी २० टक्के होता, २०१८मध्ये २५ टक्के झाला. बयाण्यातून सूटही आहे. हेतू चांगला आहे. पण औषधाच्या बाबतीत उलाढालीची आणि अनुभवाची अट शिथिल करायची, तपासणी तशीच ढिली ठेवायची आणि बिलंही थकवायची, असं तिन्ही एकदम केलं तर लहान उद्योगाचं भलं होत नाही. रुग्णाचं तर नाहीच.

सरकारनं स्वतःच्या कारखान्यांनाही खरेदीच्या आधारावर जगवून पाहिलं. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साहाय्यानं उभी राहिली. पेनिसिलिन देशात बनू लागलं याचा त्या पिढीला केवढा अभिमान होता. पुढे हे कारखाने आजारी पडले. २०१३मध्ये केंद्रानं १०३ औषधं सरकारी कंपन्यांकडूनच घ्यावीत असं धोरण केलं. पण ठरलेलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून कारखाना बरा झाला नाही. २०१६च्या अखेरीस पिंपरीच्या कारखान्याची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय झाला. स्पर्धेशिवाय दिलेली मागणी हे सलाईन असतं, त्यावर रुग्ण फार काळ चालत नाही.

ग्लिसरॉलचा साक्षीपुरावा

औषध उद्योगाची नेहमीची तक्रार अशी की दर इतका खाली खेचला तर गुणवत्ता कशी राहणार? या तक्रारीचा खरेखोटेपणा तपासायला मुंबईतलीच एक घटना पुरेशी आहे.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६मध्ये जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. औषधी ग्लिसरॉलच्या जागी औद्योगिक माल आला होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली आणि खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत, थेट मंत्रालयापर्यंतच्या ढिलाईवर आणि हस्तक्षेपावर कोरडे ओढले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं.

या प्रकरणात स्वस्ताईनं माणसं मारली असं म्हणणं सोपं आहे, पण अपुरं आहे. माल दारातून आत येताना त्याला कुणी अडवलं नाही, हे खरं कारण. तोच माल दुप्पट दरानं घेतला असता तरी न तपासलेला माल न तपासलेलाच राहिला असता. जास्त दर हा तपासणीला पर्याय नाही. उलट, प्रत्येक खेप नाव झाकून तपासली जाईल हे ठाऊक असेल तर भेसळ करणाऱ्याला कमी दर भरून उपयोग होत नाही. त्याचा माल परत जातो, तो काळ्या यादीत पडतो. म्हणजे कडक तपासणी दरालाही शिस्त लावते आणि प्रामाणिक उत्पादकाला अप्रामाणिक स्पर्धेपासून वाचवते. उद्योगानं खरं तर कमी दराविरुद्ध नव्हे, ढिल्या तपासणीविरुद्ध आंदोलन करायला हवं. ते मी कधी पाहिलेलं नाही.

दोन मोठे प्रयोग

घाऊक खरेदीनं उद्योग मरतो की वाढतो, याचं सर्वांत ठळक उत्तर एचआयव्हीच्या औषधांनी दिलं. २००१च्या फेब्रुवारीत सिप्लाचे यूसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा तोच उपचार श्रीमंत देशांत दहा ते पंधरा हजार डॉलरला पडत होता. १९७०च्या पेटंट कायद्यानं भारतात औषधाच्या उत्पादनावर पेटंट नव्हतं, म्हणून हे शक्य झालं. पण केवळ औदार्यानं उद्योग चालत नाही. पुढच्या दोन वर्षांत ग्लोबल फंड आणि अमेरिकेची पेपफार योजना उभी राहिली, आणि सार्वजनिक पैशातून कोट्यवधी मात्रांची खरेदी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता किंवा अमेरिकेच्या एफडीएसारख्या कडक नियामकाची मंजुरी नसलेला माल त्यात सहसा चालत नसे. भारतीय कंपन्यांनी कारखाने त्या कसोटीला उतरवले. काही वर्षांतच देणगीच्या पैशातून घेतल्या जाणाऱ्या एचआयव्ही औषधांच्या संख्येत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा भारतीय कंपन्यांचा झाला. कुरकुंभ, पाताळगंगा, गोवा या आपल्या परिसरातल्या कारखान्यांची नावं आफ्रिकेतल्या दवाखान्यांपर्यंत गेली ती अशी. २०२३मध्ये ग्लोबल फंडानं पहिल्या टप्प्याचा उपचार वर्षाला ४५ डॉलरच्या आत आणला. दर इतका उतरला तरी कंपन्या पळाल्या नाहीत, कारण मागणीचा अंदाज आधी मिळत होता, कसोटी सर्वांना सारखी होती आणि पैसे मिळण्याची खात्री होती.

दुसरा प्रयोग चीनचा. २०१८च्या डिसेंबरमध्ये अकरा शहरांनी मिळून २५ औषधांची खरेदी केली. दर सरासरी ५२ टक्के उतरले. जिंकणाऱ्याला त्या शहरांतल्या रुग्णालयांच्या वापराचा ठरावीक मोठा वाटा हमखास मिळणार होता, आणि पैसे अडकू नयेत म्हणून विमा निधीतून रुग्णालयांना किमान ३० टक्के रक्कम आगाऊ देण्याची तरतूद होती. पण पहिल्या फेरीत प्रत्येक औषधाला एकच विजेता होता. एकावर सगळा भार टाकण्यातला धोका ओळखून २०१९च्या विस्तारात तीनपर्यंत विजेते ठेवले गेले. तरीही प्रश्न संपले नाहीत. २०२५च्या सुरुवातीला तिथल्याच डॉक्टरांनी जिंकलेल्या स्वस्त औषधांच्या परिणामकारकतेबद्दल उघड शंका घेतल्या. दर उतरवण्यात निष्णात असलेल्या व्यवस्थेलाही माल देण्याआधीचीच नव्हे, दिल्यानंतरची तपासणीही तितकीच चोख ठेवावी लागते, हा त्याचा अर्थ.

पिएर दुब्वा आणि सहकाऱ्यांनी सात कमी-मध्यम उत्पन्न देशांतल्या एकत्रित खरेदीचा अभ्यास केला, त्यातला एक निष्कर्ष मला इथे महत्त्वाचा वाटतो. एकत्रित खरेदीनं दर उतरतात खरे, पण विकणारे मोजकेच असतील तर कमी उतरतात. म्हणजे आजच्या निविदेत शेवटच्या पैशापर्यंत दाबून आपण पुरवठादारांची संख्या घटवली तर उद्याच्या निविदेतली आपलीच ताकद घालवतो.

इथे 'बल्क ड्रग'चा तो दुसरा अर्थ भेटतो. शेवटच्या पैशाच्या शर्यतीत गोळी बनवणारा कच्चं द्रव्य जिथे स्वस्त तिथून आणतो. आपण आयात करतो त्या द्रव्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश चीनमधून येतात. ज्या देशात पिंपरीला पेनिसिलिन बनत होतं, त्याला पेनिसिलिनच्या मूळ द्रव्यासाठी परदेशाकडे पाहावं लागलं. ते इथे पुन्हा बनावं म्हणून २०२०मध्ये केंद्राला ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणावी लागली. सगळा दोष सरकारी निविदांचा नाही, खासगी बाजारानंही हेच केलं. पण जे सरकार एका हातानं स्वस्ताईचं बक्षीस देतं, त्यालाच दुसऱ्या हातानं स्वावलंबनाचं अनुदान द्यावं लागतं, हे नोंदवायला हवं.

आपल्या घरी

महाराष्ट्राकडे औषधांचा वारसा आहे, कारखाने आहेत, पैसा आहे. तरी खरेदीची व्यवस्था घडी न बसलेली राहिली. वेगवेगळी खाती आपापले दरकरार करत. २०१७मध्ये सगळी खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली. प्लेगची लस देणाऱ्या वॉल्डेमार हाफकिन यांचं नाव लावणारी ही संस्था लस बनवण्यात मुरलेली, पण हजारो वस्तूंची निविदा काढणं, गोदामं चालवणं, बिलं वेळेत देणं हे वेगळंच काम आहे. २०२३मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात होती. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, प्रशासनानं तो नाकारला, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंचं कारण मी इथे ठरवणार नाही. पण त्या दिवसांत औषध खरेदी हा शब्द पहिल्या पानावर आला आणि महिन्याभरात पुन्हा नाहीसा झाला, हे आपल्या सगळ्यांच्या समोर घडलं.

मला प्राधिकरणाच्या नावाबद्दल काही म्हणायचं नाही. नाव बदललं की काम बदलतं असं मात्र नाही. नव्या संस्थेची परीक्षा एल-वनच्या आकड्यावर, म्हणजे किती कमी दर मिळवला यावर होणार असेल, तर आपण पुन्हा तिथेच पोचू. चार साधे आकडे दरवर्षी छापावेत: मागितलेल्यापैकी किती औषध वेळेत आलं, किती खेपा तपासणीत नापास झाल्या, बिल सरासरी किती दिवसांत चुकतं झालं, आणि प्रत्येक औषधाला किती उत्पादकांनी निविदा भरली. हे आकडे चांगले असतील तर दर आपोआप खाली येतो. ते वाईट असतील तर कमी दर हा फक्त कागदावरचा विजय ठरतो, आणि त्याची उरलेली किंमत दुकानात रुग्ण भरतो.

या लेखात मी उद्योगाची बाजूही मांडली म्हणून काही मित्र नाराज होतील. आरोग्याच्या चळवळीत आम्ही कंपन्यांकडे नेहमी संशयानं पाहिलं, आणि त्याला सबळ कारणंही होती. पण खिडकीमागे उभं राहून मला एक कळलं की गोळी शेवटी कुणीतरी बनवावी लागते. ती नीट बनवणाऱ्याला वेळेवर पैसे मिळाले नाहीत तर ती माझ्या खिडकीपर्यंत येत नाही, मग दर एक रुपया असो की पंचवीस पैसे. न मिळालेली गोळी सर्वांत महाग असते.

त्या म्हातारबाबांनी चिठ्ठी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि ते गेटाकडे वळले. मेडिकल रस्त्याच्या पलीकडेच होतं. ते रस्ता ओलांडून सरळ एसटी थांब्यावर जाऊन बसले. साठा नोंदवहीत त्या दिवशी त्या गोळीपुढे मी शून्य लिहिलं. त्या शून्याची बेरीज कुठल्या अहवालात करतात, ते मी अजून शोधते आहे.